अडकलेली डिस्क आणि दारातला उजेड

‘डिव्हाइस इज बिझी.’

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तेवढंच आलं. मी तोच हुकूम पुन्हा टाइप केला, या खेपेला की-बोर्ड जरा बडवून, म्हणजे मशीन घाबरेल अशा बेताने. पुन्हा तेच. बिझी. अरे मेल्या, कशात बिझी आहेस तू? आबा मिलमध्ये, माय मागच्या खोलीत दुपारची पडलेली, मी इथे तुझ्यासमोर हात जोडून बसलेली. आणि तू बिझी?

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि दिवाळी तोंडावर होती. दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे सुरतेत साड्यांचे दिवस. पांडेसऱ्यातल्या सगळ्या मिला दोन्ही पाळ्यांत धूर ओकत होत्या, नाल्यातलं पाणी सकाळी जांभळं तर दुपारी पिवळं वाहत होतं, आणि आमच्या घरात माझा जीव एका डिस्कमध्ये अडकला होता. ती डिस्क दुसऱ्या दिवशी सकाळी मिलमध्ये पोचायला हवी होती. पोचली नाही तर आबांची नोकरी जाणार होती.

आबा म्हणजे माझे वडील. खानदेशातून तरुणपणी सुरतेला आले, रंगाचे ड्रम ढवळायला लागले, आणि ढवळता ढवळता कलर किचनचे मास्टर झाले. साडीवर छापायचा रंग जिथे कालवतात त्या जागेला मिलमध्ये कलर किचनच म्हणतात. तिथे आबांचा शब्द शेवटचा. कापडाच्या पट्टीवर रंग छापून, धुऊन, वाळवून त्यांच्याकडे यायचा. ते ‘हां’ म्हणाले की हजारो मीटर माल त्या रंगात निघायचा. त्यांच्या नखांत कायम रंग. माझ्या शाळेत पालकांना बोलावलं तर आबा हात पाठीमागे धरून उभे राहायचे.

पण त्या वर्षी म्हाताऱ्या शेठचा मुलगा गादीवर बसला होता आणि त्याने रंग मोजणारं मशीन मागवलं होतं. पट्टी आत सरकवली की मशीनच सांगणार, यात लाल किती, निळा किती. मग मास्टर कशाला? मिलमध्ये तशी कुजबुज सुरू झालीच होती. शेवटी या नव्या शेठने आबांना बोलावून सांगितलं, ‘मास्टर, तुमच्या हातून पास झालेल्या सगळ्या शेड मला कम्प्युटरमध्ये भरून द्या. मशीनला त्या शिकवू. मग तुम्ही रिटायर होईपर्यंत मशीनच्या बाजूला खुर्ची टाकून बसा. नाहीतर मशीनवाली कंपनी तिच्या शेड देतेय, मग काय...’ पुढचं तो बोलला नाही. आबाही घरी येऊन ते ‘मग काय’पाशीच थांबले होते.

कम्प्युटरमध्ये भरायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा घरी बसून मिलांसाठी साडीची डिझाइनं करायची. क्लासात शिकले होते, बाकीचं मासिकं वाचून. लग्न ठरत नव्हतं आणि त्याचं खापर सगळे माझ्या जिभेवर फोडायचे, ती गोष्ट वेगळी. घरात तीन मशीनं होती. पुढच्या खोलीत माझं. मागच्या खोलीत, देवघराच्या बाजूला, स्कॅनर लावलेलं एक जुनं. आणि मधल्या बोळात फळीखाली तिसरं, ज्याला आम्ही नुसतं डबा म्हणायचो. रिंग रोडवरचं एक ऑफिस बंद पडलं तेव्हा तो डबा स्वस्तात मिळाला. त्यावर मी मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरचं लिनक्स चढवलं. सगळी डिझाइनं, सगळ्या शेड त्या डब्यातल्या डिस्कवर. भिंतीतून वायर ओढून दोन्ही मशीनं डब्याला जोडली होती. सोसायटीत तेव्हा कुणाकडे फोनसुद्धा नव्हता आणि आमच्या घरात हे असं जाळं! माय आल्यागेल्याला डबा दाखवायची आणि म्हणायची, ‘याले हात लावू नका, पोरगी कापी टाकी.’

सीडी लिहिणारं यंत्र परवडणं तेव्हा शक्यच नव्हतं. एवढा माल न्यायचा तर डिस्कच काढून, फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षाने न्यायची. मिलमध्ये दुसऱ्या दिवशी मशीनचा इंजिनियर मुंबईहून येणार होता. सगळं ठरलेलं होतं.

आणि सकाळपासून डिस्क वाजायला लागली. टिक... टिक... मधेच थांबायची, पुन्हा टिक. ज्याने कधी मरायला टेकलेली डिस्क ऐकली आहे त्याला तो आवाज सांगावा लागत नाही. आता ती जितका वेळ फिरेल तितकी धोक्यात. ताबडतोब सोडवायची, बंद करायची, आणि उद्या मिलमध्ये एकदाच चालू करून सगळं उतरवून घ्यायचं. दुसरा रस्ताच नव्हता.

आता हे ‘सोडवणं’ म्हणजे काय ते सांगते. लिनक्समध्ये डिस्क अशी उपटून घेता येत नाही. आधी मशीनला सांगावं लागतं, की बाबा रे, हिच्याशी आता कुणाचं काही काम नाही, हातातलं अर्धवट लिहून टाक आणि मोकळी कर हिला. त्याने मोकळी केली की मग वीज बंद. तसं न करता उपटली तर अर्धवट लिहिलेलं पूर्ण लिहिलेल्यालाही घेऊन बुडतं. गणपतीत वीज गेली तेव्हा माझं एक अख्खं डिझाइन असंच गेलं होतं आणि मी डब्याला लाथ मारली होती. पायालाच लागलं. म्हणून वीज बंद करायला हात शिवशिवत होते तरी मी गप्प होते. आधीच मरायला टेकलेली डिस्क, तिला झटका दिला तर संपलंच.

पण ती सुटेना. बिझी म्हणजे कुणीतरी अजून तिच्यावर बसलंय. आमच्या मागच्या गल्लीत लूमवाल्या पोरांच्या खोल्या होत्या. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गोधडीवर आडवा. खोलीमालकाला खाट दुरुस्त करायची तर ती कधी रिकामी सापडायचीच नाही, कुणीतरी घोरत असायचंच. तसंच हे. खाट उचलायची तर आधी वरचा माणूस शोधून उठवायचा.

मी सगळ्यात आधी स्वतःला तपासलं. नवशिके हमखास तेच करतात, ज्या डिस्कला सोडवायचं तिच्याच कप्प्यात बसून तिला सोडवायला बघतात. मी नवशिकी नव्हते, तरीही तिथेच बसले होते! कपाळावर हात मारला, बाहेर आले, पुन्हा हुकूम दिला. बिझी. मग छपाईचं काही अडकलंय का ते पाहिलं. काही नाही. माझ्या मशीनवर काही उघडं आहे का? सगळं बंद केलं, मशीनच बंद केलं, बोळात डब्यासमोर पाट टाकून त्याच्या स्वतःच्या की-बोर्डवर बसले. बिझी.

राहिलं मागचं मशीन. मी बोळातूनच हाक मारली, ‘माय, मागचं मशीन चालू आहे का गं?’

आतून लगेच उत्तर आलं, ‘नही वं. बंद शे. कसाले बोंबली रायनी?’

म्हणजे तेही नाही. माझं डोकं फिरायला लागलं. डिस्क टिकटिकतेय, मशीन सोडत नाहीये, आणि माझ्या डोळ्यांसमोर आबा घरात रिकामे बसलेले दिसायला लागले. माणूस बसला की संपतो हे आमच्या सोसायटीत घरोघरी पाहिलं होतं. मिल सुटली की वर्षाच्या आत खांदे पडतात, मग तंबाखू वाढते, मग ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाळी कुठली विचारत राहतात. आबांना मी तसं होऊ देणार नव्हते. त्या टिनपाट डिस्कपायी तर मुळीच नाही.

मासिकातला एक हुकूम आठवला. डिस्कला कुणी धरून ठेवलंय ते तो सांगतो. तो दिला. उत्तर आलं, की वायरवरून फायली वाटणारा जो कारकून डब्यात बसलेला असतो त्याने धरलीय. म्हणजे डब्यातलं कुणी नाही, वायरवरून कुणीतरी. मग त्या कारकुनालाच विचारायचा हुकूम दिला, की बाबा, तुझ्याकडे कोण गिऱ्हाईक आहे आत्ता?

एकच ओळ आली. मागच्या खोलीचं मशीन. शेडचा कप्पा.

मी ती ओळ पुन्हा वाचली. माय आत्ताच म्हणाली, बंद आहे. मग माझ्या पाठीमागे, माझ्याच घरात, आबांच्या शेडमध्ये कोण शिरलंय? वाट्टेल ते मनात आलं. दुसऱ्या मिलवाल्यांनी कुणाला पाठवलं की काय, मागच्या भिंतीतून कुणी वायर ओढली की काय. आता हसू येतं, पण सुरतेत डिझाइन चोरण्यासाठी लोकांनी काय काय केलंय ते ज्याला ठाऊक आहे तो हसणार नाही. मी बोळातला झाडू उचलला. खरंच उचलला. आणि मागच्या खोलीचं दार ढकललं.

आधी दिसल्या चपला. आबांच्या मिलच्या चपला, रंगाचे शिंतोडे उडालेल्या, खाटेखाली सरकवलेल्या. त्या खोलीत देवघर होतं. आमच्या मायने त्या खोलीत चपला येऊ देणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. एकदा पाहुणा चुकून चपला घालून शिरला तर तिने त्याच्यादेखत फरशी धुतली होती. आणि आज तिच्या नाकासमोर, कानबाई देवीच्या फोटोखाली, चपला. बाहेर दिसल्या तर मला कळेल म्हणून आत घेतलेल्या.

मग वर पाहिलं. आबा स्टुलावर बसले होते, पडद्याला नाक लावून. मिलमधून कधी आले, कसे आले, मला पत्ता नाही. त्यांच्या बाजूला माय. तिच्या हातात माऊस. माझी माय, जी मिक्सरचं बटण दाबायला मला हाक मारायची! मी तिला स्कॅनरवर पट्ट्या ठेवायला शिकवलं होतं, तिचा हात हलका म्हणून. पण कप्पा उघडायला, शेड पडद्यावर मांडायला ती कधी शिकली? पडद्यावर रंगांचे चौकोन ओळीने मांडलेले. माय बोट ठेवत होती आणि हळू आवाजात सांगत होती, ‘हाई रामा. हाई गाजरी. हाई राणी, पन जुनी राणी, लगीनसराईनी.’ आणि आबा डोळे मिटून म्हणत होते, ‘तिसरी ओळ. रामा, गाजरी, राणी जुनी.’

डोळे मिटून.

‘हे काय चाललंय?’ मी ओरडले. ‘तिकडे डिस्क मरतेय आणि तुम्ही इथे खेळताय? माय, तू मला खोटं बोललीस? तू?’

आबांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ‘थांब बाई, दोनच ओळी ऱ्हायन्यात.’

‘कसल्या ओळी? तुमच्याच शेड आहेत ना त्या? तुम्हीच पास केल्यात, आणि पाठ काय करताय शाळेतल्या पोरासारख्या?’

माय पदराने उगाच पडद्यावरची धूळ पुसायला लागली. आबांनी नखं पाहिली, मग दोन्ही हात मांड्यांखाली घातले. आणि मग ते बोलले, अगदी साध्या आवाजात, चहात साखर नाही हे सांगावं तसं.

‘माले रंग दिखत नही, बाई.’

माझ्या हातात झाडू तसाच. मला वाक्य ऐकू आलं, शब्द कळले, अर्थ लागेना. ‘म्हणजे?’

‘लाल, हिरवा... सगळं मातीसारखं. दोन वर्षं झाली.’

मी झाडू ठेवून तिथेच जमिनीवर बसले. कलर मास्टरला रंग दिसत नाहीत! अहो, हे काय ऐकतेय मी? दोन वर्षं? या दोन वर्षांत त्यांनी पास केलेल्या रंगांत किती साड्या निघाल्या असतील! कलकत्त्याला गेल्या, पाटण्याला गेल्या, आमच्या गावच्या बाजारात आल्या. कुणाच्या लग्नात, कुणाच्या डोहाळजेवणात नेसल्या गेल्या. एकाही गठ्ठ्याची तक्रार नाही. शेठ तर भर मिलमध्ये म्हणायचा, मास्टरकी आँख तो आँख है. मग ते रंग कुणी पास केले?

आणि तेव्हा मला दार आठवलं.

आबा रोज दुपारी जेवायला घरी यायचे. सोबतच्या पिशवीत सकाळच्या पट्ट्या. मिलमध्ये ट्यूबलाइट, ट्यूबलाइटमध्ये रंग खोटं बोलतो, शेड बघायची तर दिवसाच्या उजेडात, असं त्यांचं म्हणणं. सगळी मिल त्या म्हणण्याला मान द्यायची, शेठसुद्धा. जेवण झालं की आबा पुढच्या दारात उभे राहायचे, एका हातात नमुना, एका हातात पट्ट्या. आणि माय भांडी टाकून त्यांच्या बाजूला येऊन उभी राहायची. दोघं खांद्याला खांदा लावून. माय एखादी पट्टी हातात घ्यायची, एखादी परत द्यायची. आबा अर्धं पाऊल सरकून तिला जागा द्यायचे. माझं टेबल बरोबर त्यांच्या पाठीमागे. पडद्यावर अंधार पडायचा आणि मी करवादायचे, ‘उजेड अडवू नका हो! काय दोघं दारात उभे राहता, प्रेम उतू चाललंय का म्हातारपणी?’ माय लाजायची. आबा हसायचे. मीही हसायचे.

माझ्यासमोर. रोज. माझ्या डोळ्यांदेखत.

‘तुन्हा तोंडसमोर तं करत व्हतूत,’ माय म्हणाली. तिला माझ्या तोंडावरून सगळं कळलं असणार. ‘तुले कधी दिसनं नही.’

ती दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवायची, गठ्ठ्याच्या गठ्ठा, आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बाया चिकटवायच्या. स्वतः मात्र सेकंडच्या साड्या नेसायची, ज्यांच्यावर छपाई सरकलेली असते, फूल एकीकडे आणि त्याचा रंग एकीकडे. मला तिची ती साडी दिसायची. तिची नजर मला कधी दिसली नव्हती.

आणखीही आठवायला लागलं, नको नको म्हणताना. आदल्या वर्षी माझ्यासाठी हिरवी साडी आणतो म्हणून आबांनी विटकरी उचलून आणली होती. आम्ही किती चिडवलं त्यांना! मिलचा मास्टर आणि पोरीच्या साडीचा रंग ओळखता येत नाही, म्हणून मी सगळ्या सोसायटीत सांगत फिरले. तेही हसत होते आमच्यासोबत. कसे हसले असतील?

‘डॉक्टरला दाखवलं?’

‘दाखवलं,’ आबा म्हणाले. ‘तंबाखू सोड म्हणाला. सोडली. आले नही रंग परत.’ मग घाईने म्हणाले, ‘उद्या पडद्यावर दाखवतील एक एक शेड. बरोबर आहे ना मास्टर, विचारतील. तठे माय नही. म्हणून जागा पाठ करतोय. कोणत्या ओळीत काय. एकदा उद्याचा दिवस निघाला का मग मशीनच सांगेल. मग मी नुसतं हां म्हणायचं.’

बोळातून आवाज आला. टिक... टिक.

बाप रे. एकीकडे डिस्क मरतेय, आणि तिला जो धरून बसलाय तो तिच्याशिवाय मरतोय. मी कुणाला उठवू? मला रडायला आलं आणि मी रडण्याऐवजी भांडले, माझी रीतच ती. ‘मला का नाही सांगितलं? मी परकी आहे का? मी तुमची रंगाची कामं करते आणि मलाच...’

‘तुले सांगतं तं तू कामच सोडी दिलं असतं,’ माय म्हणाली. ‘नाहीतर शेठसमोर तोंड उघडलं असतं. तुन्ही जीभ.’

खरं होतं ते. मग मी तिच्या बाजूला जमिनीवरच बसून राहिले आणि म्हटलं, ‘चला, त्या दोन ओळी संपवा लवकर.’ माय सांगत गेली, आबा म्हणत गेले. मी प्रत्येक टिकला श्वास धरत होते. शेवटच्या ओळीत एक शेड होती जिला मी कायम वांगी म्हणायची. माय म्हणाली, ‘हाई वांगं नही, हाई जांभूळ, पाऊस पडना का जसं दिसस तसं.’ आबांनी मान हलवली, जणू त्यांनाही तेच म्हणायचं होतं.

मग मायने स्वतः पडद्यावरची खिडकी बंद केली, मशीन बंद केलं. मी बोळात जाऊन हुकूम दिला. या वेळी मशीन काहीच बोललं नाही. लिनक्सची ती पद्धत आहे, काम झालं की गप्प राहायचं. डिस्क सुटली होती. मी वीज बंद केली, टिकटिक थांबली, आणि घरात एवढी शांतता झाली की मागच्या गल्लीतले लूम ऐकू यायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी डिस्क मांडीवर घेऊन आबांसोबत मिलमध्ये गेले. इंजिनियरने ती लावली. ती वाजली, अडखळली, पण सगळं उतरवून दिलं तिने. माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मग शेठ आला, चहा आला, आणि इंजिनियर पडद्यावर शेड काढायला लागला. ‘ही?’ ‘रामा,’ आबा म्हणाले. ‘ही?’ ‘राणी. जुनी.’ ओळीमागून ओळ, एकही चूक नाही. मला त्यांचे ओठ दिसत होते, मोजताना हलणारे. शेठ खूश होऊन माझ्याकडे वळला, ‘बेन, जोयुं? आवी आंख छे मास्टरनी!’ मी हसले.

संपतच आलं होतं. खुर्ची ठरलीच होती. तेवढ्यात आतून एक माणूस पट्टी घेऊन धावत आला. दिवाळीचा शेवटचा लॉट, ट्रक गेटवर उभा, शेड पास व्हायची राहिली होती. शेठने ती पट्टी उचलून आबांच्या हातात दिली. ‘मास्टर, आ जुओ ने. फटाफट.’

आबा खिडकीपाशी गेले. पट्टी उजेडात धरली. आणि अर्धं पाऊल बाजूला सरकले.

त्यांच्या बाजूला माणसाएवढी जागा मोकळी झाली. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. कुणाला काही कळलं नाही, फक्त मला कळलं. मी धावतच गेले, त्या जागेत उभी राहिले, कुजबुजले, ‘आबा, मी सांगू?’

त्यांनी नको म्हणून मान हलवली. ‘तुन्ही नजर येगळी शे, बाई.’ आणि जरा थांबून म्हणाले, ‘दिवाळीना माल शे हाऊ.’

मी हबकलेच. नोकरी हातात आलेली, पोटची पोर कानाशी उभी, एक शब्द उसना घ्यायचा होता फक्त. पण चुकीच्या रंगात माल सोडणं त्या माणसाला जमेना. ते वळले आणि शेठला म्हणाले, ‘सेठ, आजे मारुं माणस साथे नथी.’ आज माझं माणूस सोबत नाही.

‘कयो माणस?’ शेठला काहीच कळेना.

‘घरवाळी. बे वरसथी ए ज जुए छे. मने रंग देखाता नथी.’ दोन वर्षांपासून तीच बघते. मला रंग दिसत नाहीत.

कलर किचनमधलं ढवळणं थांबलं. इंजिनियरच्या हातात बिस्कीट तसंच. शेठ आबांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग हातातल्या कपाकडे. मला वाटलं आता हा ओरडणार. पण सुरती माणूस, गेटवर ट्रक उभा. तो म्हणाला, ‘तो बोलावो ने!’ आणि त्याने माणूस पाठवला स्कूटर घेऊन.

माय आली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा मिलच्या आत येत होती. बोटांना डिंक, डिंकाला टिकल्या चिकटलेल्या. डोक्यावरचा पदर तिने घट्ट धरला होता. तिने कुणाकडे पाहिलं नाही, मशीनकडे नाही, शेठकडे नाही. सरळ खिडकीशी गेली आणि आबांनी ठेवलेल्या जागेत उभी राहिली. पट्टी घेतली, नमुना घेतला, दोन्ही उलटे करून पाहिले.

‘निळं थोडं,’ ती म्हणाली. आबांनी लगेच आत ओरडून सांगितलं, निळा किती घालायचा ते. ते मात्र त्यांनाच ठाऊक होतं. नवी पट्टी आली. तिने मान डोलावली. आबा म्हणाले, ‘हां.’ ट्रक गेला.

शेठ हिशेबी खरा, पण वाईट नव्हता. आबांना तो म्हणाला, मास्टर, आता तुम्हाला ठेवू शकत नाही, लोक काय म्हणतील. आबांनी मान खाली घातली. मग तो मायकडे वळला. मशीन आहेच, म्हणाला, पण पट्ट्या घरी पाठवत जाऊ, मावशी, तुम्ही बघून द्या, तुमचं काय ते देऊ.

मायने आबांकडे हात केला. मग म्हणाली, ‘मी मन्ही नजर यासले दिन्ही व्हती. मिलले नही.’

‘शुं कहे छे?’ शेठने मला विचारलं. मला गुजराती येत होती, हिंदी येत होती, सगळी मिल माझ्या जिभेला घाबरून होती. माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

आबांनीच सांगितलं, ‘ना पाडे छे.’ नाही म्हणतेय.

त्यांनी खुंटीवरची पट्ट्यांची पिशवी घेतली. आम्ही गेटबाहेर आलो. आमच्याकडे बाई नवऱ्याच्या मागे चालते, माय जन्मभर तशीच चालली. त्या दिवशी पांडेसऱ्याच्या रस्त्यावर, टेम्पो आणि सायकलींच्या गर्दीत, ती पुढे चालत होती. आबा तिच्या सरकलेल्या छपाईच्या साडीवर नजर ठेवून मागे येत होते, आणि त्यांच्या मागे मी, रिकामं फडकं हातात घेऊन.